फेब्रुवारीत कुणीच चालत नाही

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी एकदम रंगात येतात. एक म्हणजे मेपलची झाडं आणि दुसरी, लोकांच्या हिरवळीवर रोवलेल्या निवडणुकीच्या पाट्या. झाडं आपली मुकाट्याने लाल-पिवळी होतात. पाट्या मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या असतात. आमच्या हिरवळीवर पाटी नसते. माझी बायको मेधा म्हणते, आपली हिरवळ हाच शेजाऱ्यांच्यात चर्चेचा विषय आहे, त्यात आणखी भर कशाला. हिरवळीची जबाबदारी घरात कुणाकडे आहे हे आता वेगळं सांगायला नको.

परवा सकाळी गॅरेजमधून दाताळं काढलं आणि पानं ओढायला लागलो. ओल्या पानांना चहाच्या चोथ्यासारखा एक तुरट वास असतो. तो नाकात गेला आणि मला एकदम एका शाळेच्या जिमचा वास आठवला. रबरी तळव्यांचे बूट, लाकडी फरशीचं पॉलिश आणि मोठ्या थर्मासमधली पातळ कॉफी. गळणाऱ्या पानांवरून लोकांना कविता सुचतात म्हणे. मला राज्य सरकारचं वाहतूक खातं आठवतं. प्रत्येकाचा शरद ऋतू वेगळा.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या आसपासच्या एका गावात. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी राज्य सरकारचा एक रस्ता आहे. जायला दोन पट्टे, यायला दोन आणि मधे डावीकडे वळणाऱ्यांसाठी एक. रस्त्याच्या पलीकडे गावाचं ग्रंथालय. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसतं. इतकं जवळ, की गॅसवर वरण ठेवून पुस्तक बदलून यावं. पण मी सांगतोय त्या वर्षापर्यंत तिथे चालत जायची सोयच नव्हती. सिग्नल होता तो पार पुढे, पेट्रोल पंपापाशी, आणि तिथवर जायला फुटपाथ नाही. त्यामुळे आम्ही सगळे गाडी काढायचो, रस्त्याला लागायचो, पुढे जाऊन वळसा घ्यायचो आणि पलीकडे पोचून पार्किंग शोधायचो. याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. मलाही नाही. मी तर पेट्रोल पंपाशेजारी कॉफी मिळते म्हणून खूशच असायचो.

वाटायचं ते फक्त आई-बाबांना. म्हणजे समस्त आई-बाबांना. आमच्या भागात मे महिना संपता संपता आई-बाबांचा मोसम सुरू होतो. पुणे, नाशिक, सातारा, नागपूर, कुठून कुठून विमानं भरून येतात आणि एके दिवशी सकाळी वसाहतीच्या रस्त्यांवर ही मंडळी उगवतात. साडीखाली पांढरेशुभ्र स्नीकर्स, अंगात मुलाच्या कंपनीचं नाव लिहिलेलं जाकीट, डोक्याला कानटोपी, मग बाहेर ऊन का असेना. चालणं हा त्यांचा धर्म. पहिली थंडी पडली की हीच मंडळी सामानात बदाम आणि चॉकलेटं भरून परत जातात. आम्ही मधल्या पिढीची माणसं बारा महिने इथे असतो, पण रस्त्यावर दिसतो ते गाडीच्या काचेआडून.

माझी आई त्यातलीच. नागपूरची. बाबा गेल्यापासून दर वर्षी यायची. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत ती रस्ता कसा ओलांडायची ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. उजवा हात खांद्याइतका वर करायचा, समोर बघायचं आणि चालायला लागायचं. रिक्षा, स्कूटर, बस, सगळं तिच्या अवतीभवतीने वाट काढत जायचं. तिथली गाडी माणसाला शिव्या देईल, पण बघते. इथली गाडी माणसाला बघत नाही, सिग्नलला बघते. सिग्नल नसेल तर ती पुढच्या सिग्नलचा विचार करत असते. हे आईला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. ती म्हणायची, अरे, माणूस दिसल्यावर थांबेलच ना.

त्या वर्षी जुलैमध्ये तिने हात वर केला आणि निघाली. अर्ध्यापर्यंत पोचलीही. मग मधल्या पट्ट्यात उभी राहिली ती राहिलीच. दोन्ही बाजूंनी गाड्या, आणि मधे आई, एका हातात ग्रंथालयाची पिशवी, दुसरा अजून वरच. शेवटी पोलिसांची गाडी आली, दिवे लावून उभी राहिली, आणि त्या तरुण पोलिसाने तिला सन्मानाने घरी आणून सोडलं. आम्ही दारात पांढरेफटक. आई मात्र खुशीत. पोराला चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही, पण फार गुणी आहे, असं तिने आम्हाला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी आणि मेधाने तिला बसवून सांगितलं की आता एकटीने रस्ता ओलांडायचा नाही. कुठे जायचं असेल तर आम्ही सोडू. आईने लगेच मान डोलावली. मला तिथेच शंका यायला हवी होती. माझं म्हणणं आईने लगेच ऐकल्याचा इतिहासात दाखला नाही.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आई-बाबांचा कट्टा जमायचा. कुणी कोडी जुळवायचं, कुणी पेपर वाचायचं, बाकीचे सुनांबद्दल चांगलं बोलायचे, निदान आम्हाला तसं सांगण्यात आलं आहे. आईचा जीव त्या खोलीत. त्यामुळे आता आमचं वेळापत्रक सुरू झालं. अमुक वाजता मीटिंग संपली की मी सोडतो, तमुक वाजता मेधा आणेल. आई आधीच तयार होऊन सोफ्याच्या कडेला बसायची, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. माझी मीटिंग लांबायची. मी खाली यायचो तर ती तशीच. चुकूनही घड्याळाकडे बघायची नाही. ऑगस्टमध्ये ती अधूनमधून म्हणायला लागली, आज नको, आज कंटाळा आलाय. सप्टेंबरमध्ये रोज म्हणायला लागली. एके संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या वर्षी काही मी येत नाही रे. गुडघे कुरकुरतात, आणि विमानात ते किती तास बसायचं."

गुडघे. ज्या गुडघ्यांनी ती वसाहतीला रोज तीन फेऱ्या घालायची ते गुडघे. मेधा नंतर म्हणाली, त्या परत गेल्या की पुन्हा यायच्या नाहीत, समजतंय ना तुला? समजत होतं. दर वर्षी चार-पाच महिने आई असते, एवढ्यावर मी हा सगळा परदेशाचा संसार स्वतःशी जुळवून घेतला होता. ते गेलं तर हिशेबच चुकत होता.

आमची लेक सई, जन्म इथलाच, तेव्हा जवळच्याच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत होती. शनिवारी कपडे धुवायला आणि वरणभात जेवायला घरी यायची. या विषयाने पोट कसं भरणार हा माझा लाडका प्रश्न होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, डिड यू टेल एनीवन?"

"कुणाला?"

"गव्हर्नमेंटला."

मला हसूच आलं. आता हे हसू तिला कसं समजावून सांगणार? तिचा बाप या देशात व्हिसावर आला. नोकरी गेली तर देश सोडायचा, अशा बेताने पुष्कळ वर्षं राहिला. त्या वर्षांत एकच सवय अंगी बाणते, ती म्हणजे सरकारच्या नजरेला जितकं कमी पडू तितकं बरं. पार्किंगची पावती आली तरी आम्ही वकिलाला विचारायचो. पुढे ग्रीन कार्ड झालं, नागरिकत्व झालं, छोटा झेंडा हातात घेऊन फोटो झाला, तरी ती सवय गेली नाही. मत द्यायला जातो तेव्हाही मी उगाचच अदबीने उभा असतो. आणि या सरकारला मी जाऊन सांगू, की माझ्या आईला ग्रंथालयात जायचं आहे?

सई डायनिंग टेबलावर मांडी घालून बसली आणि तिने माझी शिकवणी घेतली. तिचं म्हणणं असं, की जगात वाईट गोष्टी अगणित असतात, सरकारला त्या सगळ्या दिसत नाहीत. पाऊस पडतो तसा रस्ता वाईट असतो, लोक छत्री घेतात आणि जातात. हे बदलता येण्यासारखं आहे आणि बदलायचं काम तुमचं आहे, असं कुणीतरी सरकारला पटवून देत नाही तोवर तो काही त्यांचा विषयच होत नाही.

"आत्ता तो नुसता रस्ता आहे, बाबा. इट हॅज टु बिकम अ प्रॉब्लेम."

"तुझ्या आजीला विचार. प्रॉब्लेम आहेच."

"आजीचा आहे. त्यांचा नाहीये."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या फीबद्दल मनातल्या मनात कुरकुरणं थांबवलं.

मग ठरलं, गावाच्या कौन्सिलच्या सभेत बोलायचं. तिथे कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. मराठी मंडळींच्या वॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा झाली आणि आपल्या रीतीने निर्णय झाला, की एकाने सर्वांच्या वतीने बोलावं आणि बाकीच्यांनी मोठ्या संख्येने मागे बसावं. बोलणारा कोण, तर मी. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला ढाल मिळाली होती, हे मी गेल्या काही वर्षांत जवळपास सगळ्यांना सांगितलेलं आहे.

सभा भरली. आमची मंडळी चार रांगा भरून, इस्त्रीचे कपडे घालून बसली. मी उभा राहिलो. आदरणीय महापौर, सन्माननीय सदस्य, या सुंदर गावाने आम्हाला दिलेलं प्रेम, इथली शाळा, इथला बर्फ, बर्फ उचलणारे कर्मचारी. समोर एक दिवा असतो. तो हिरव्याचा पिवळा झाला तेव्हा मी दोन संस्कृतींच्या मिलाफापाशी होतो. लाल झाला तेव्हा म्हणालो, "आता मूळ मुद्द्याकडे वळतो." माइक बंद झाला. मागच्या चार रांगांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंनी मनापासून आभार मानले, आणि कुणीतरी माझ्या वतीने ओरडून 'रस्ता' म्हटल्यावर, तो रस्ता राज्याचा आहे, गावाचा नाही, आम्ही त्यांना कळवू, असं सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढचा माणूस कुत्र्यांसाठी बाग हवी म्हणून आला होता. त्याने आपल्या कुत्र्याचं नाव सांगितलं, त्याला मोकळं पळायला जागा नाही म्हणाला, आणि बसला. मग एक बाई उठल्या, त्यांचा कुत्रा म्हातारा होता. मग एक जोडपं. मग एक आजोबा, ज्यांचा कुत्रा गेल्याच महिन्यात वारला होता आणि तरीही ते आले होते. एकामागून एक माणूस उठत राहिला. आम्ही चार रांगा भरून कौतुकाने ऐकत बसलो. पुढच्या महिन्याच्या कामकाजात कुत्र्यांची बाग होती. रस्त्याबद्दल इतकंच नोंदलं होतं, की एका रहिवाशाने गावाचे आभार मानले.

"बाबा," सई त्या रात्री परतताना गाडीत म्हणाली, "यू वर वन पर्सन."

मला ते फार लागलं, कारण आपल्याकडे एक जण बोलतो त्यात मागे बसलेल्यांचं वजन आलेलंच असतं. सगळ्यांनी उठून तेच तेच काय बोलायचं, बरं दिसतं का ते? इथे मात्र जो उठून बोलला नाही तो आलाच नव्हता. आमच्या सभ्यपणाची बेरीज एक आली होती.

काही दिवसांनी राज्याचं उत्तर आलं. त्या रस्त्याची पाहणी पूर्वीच झालेली आहे. दिवसभर मोजणी करूनही कुणी चालत रस्ता ओलांडताना आढळलं नाही, सबब सिग्नलची गरज दिसत नाही. सईने ते स्वयंपाकघरात फोनवर वाचून दाखवलं, मग खालची एक ओळ वाचून तिने फोन मेधाच्या हातात दिला. मोजणी फेब्रुवारीत केली होती.

"फेब्रुवारीत?" मेधा म्हणाली. "फेब्रुवारीत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा मी ह्याला पाठवते."

बर्फाचे ढीग, हाडं गोठवणारा वारा, आणि त्यात सरकारी माणूस गाडीत हीटर लावून प्रामाणिकपणे कोरा कागद भरतोय, हे चित्र मला अजून दिसतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. फेब्रुवारीत आमच्या गावात कुणीच चालत नाही. ज्यांच्यासाठी रस्ता हवा होता ती सगळी माणसं तेव्हा हजारो मैलांवर आपापल्या गच्चीवर उन्हात बसलेली होती.

मग ऑक्टोबर आला. पाट्या उगवल्या. कॉफीत, पावात, साबणात, सगळीकडे भोपळा घालायचे दिवस. आईला भोपळ्याचे घारगे समजायचे, भोपळ्याची कॉफी समजायची नाही. एका शनिवारी मी पानांशी झटापट करत असताना लिंडा नावाच्या बाई आमच्या दारी आल्या. राज्याच्या विधानसभेसाठी उभ्या होत्या, घरोघर फिरत होत्या. मी अदबीने दाताळं मागे लपवलं. दार आईने उघडलं, आणि दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं असतं एवढंच तिला माहीत. लिंडाबाईंना सोफ्यावर बसवून चहा दिला, चकली दिली. त्यांनी सईमार्फत विचारलं, आजींचं मत इथे आहे का? सईने सांगितलं, नाही, आजी पाहुणी आहे. बाई भल्या होत्या, तरीही विचारलं, मग आजींना इथे काय अडचण आहे?

आई उठली, स्नीकर्स घातले, लिंडाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना घेऊन निघाली. मागून सई, त्यामागून मेधा, त्यामागून मी, चहा गार होतोय असं म्हणत.

दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. ट्रक गेले की वाऱ्याच्या झोताने आईचा पदर आणि लिंडाबाईंच्या हातातली पत्रकं एकदमच फडफडायची. पहिल्यांदा बाई बोलत होत्या. हळूहळू बोलणं थांबलं. त्या नुसत्या डावीकडे-उजवीकडे बघायला लागल्या, जसे आम्ही सगळे बघतो. एकदा जराशी फट दिसली तशी त्यांनी पाऊल पुढे टाकलं, आणि आईने त्यांना हाताला धरून मागे ओढलं. सईला लहानपणी ओढायची ना, अगदी तसं, खसकन. पुढच्याच क्षणी समोरून एक गाडी सणाणून गेली. बाईंनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. दोघी परत आल्या. ग्रंथालय तिथेच, पलीकडे, उन्हात.

पुढच्या आठवड्यात लिंडाबाईंच्या पत्रकावर आमचा रस्ता होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या विरोधी उमेदवाराच्या पत्रकावरही होता, जरा मोठ्या अक्षरांत. निवडणुकीच्या दिवसांत मुद्दा सर्दीसारखा पसरतो, कुणाला कुणाकडून झाला ते सांगता येत नाही. इतकी वर्षं नुसता पडून असलेला तो रस्ता आता अचानक सगळ्यांना दिसायला लागला. सई म्हणायची, संधीची खिडकी उघडी आहे बाबा, आत्ताच काय ते. आणि खरंच, राज्याच्या वाहतूक खात्याने लोकांचं ऐकून घेण्यासाठी शाळेच्या जिममध्ये एक संध्याकाळ ठेवली.

या वेळी सईने मंडळींना बजावलं, सर्वांच्या वतीने कुणीही बोलायचं नाही. ज्याने त्याने आपलं बोलायचं. मला विशेष बजावलं. घडीच्या खुर्च्या, बास्केटबॉलची जाळी, ती पातळ कॉफी. समोर खात्याचा तरुण इंजिनिअर, सौम्य चेहऱ्याचा. सुरुवातीला आमच्यात जो तो दुसऱ्याकडे बघत होता. मग साताऱ्याचे वाघमारे काका उठले. जन्मभर हेडमास्तर होते, म्हणून मला धास्ती वाटली. ते म्हणाले, "माय नेम इज वाघमारे. आय वॉन्ट टु गो टु लायब्ररी. आय कॅनॉट." आणि खाली बसले. माझी ढाल मला तिथल्या तिथे परत करावीशी वाटली.

त्यांच्यामागून एकेक जण उठला. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, कुणी नातवाला शेजारी उभं करून. दुभाषी लागणाऱ्यांना दुप्पट वेळ मिळतो असा नियम निघाला, आणि ही बातमी आमच्या रांगांत हळूच पसरल्यावर ज्यांना चांगलं इंग्रजी येतं अशाही दोघा-तिघांना अचानक येईनासं झालं. शेजारच्या वसाहतीतली एक अमेरिकन बाई व्हीलचेअर घेऊन आली होती. ती म्हणाली, मला वाटायचं हा त्रास मला एकटीलाच आहे.

इंजिनिअरने शांतपणे सांगितलं, की मोजणीत कुणी चालणारं आढळलं नव्हतं आणि खात्याला आकड्यांवरच चालावं लागतं. तेव्हा आई उठली. सई तिच्या शेजारी उभी राहिली.

"फेब्रुवारीत आम्ही आमच्या घरी असतो," आई म्हणाली. "तुम्ही आम्ही असताना मोजा."

सईने ते इंग्रजीत सांगितलं. लोक हसले, इंजिनिअरही हसला, त्याने काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं झालं. पण आई बसली नाही. माइक दोन्ही हातांत धरून, आमच्याकडे पाठ करून, त्या अनोळखी मुलाशी ती बोलायला लागली.

"माझा मुलगा चांगला आहे. सून त्याहून चांगली आहे. कुठे म्हटलं तर नेतात. पण मला म्हणावं लागतं. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, मला कुणाला विचारून घराबाहेर पडायची सवय नाही. आता मी तयार होऊन बसते आणि त्याचं काम संपायची वाट बघते. त्याला वाईट वाटू नये म्हणून कंटाळा आलाय म्हणते. अशी मी पुढच्या वर्षी येणार नाही. रस्ता झाला तर येईन."

सई भाषांतर करता करता मधेच थांबली. मग तिने नाक ओढलं आणि उरलेलं सांगितलं, सगळं, एकही शब्द न गाळता. मी घडीच्या खुर्चीवर बसून माझ्याच आईचं मन माझ्याच लेकीकडून इंग्रजीत ऐकत होतो. मेधाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि लिंडाबाई पडल्या. आमच्या घरी शोककळा. निवडून आले ते दुसरे गृहस्थ, ज्यांनी आमचा चहा कधी घेतला नव्हता की आईला कधी पाहिलं नव्हतं. पण गंमत अशी, की तोवर रस्ता लिंडाबाईंचा राहिलेला नव्हता. तो खात्याच्या कामांच्या यादीत चढला होता, आणि यादीवरच्या गोष्टीला कुणाचा तरी हात लागतोच. त्या गृहस्थांनी पाठपुरावा केला. चांगला केला. मी त्यांना पुढच्या वेळी मत दिलं नाही, पण दुसऱ्याला देताना जरा चुटपुट लागली. आई निवडणुकीआधीच परत गेली होती. विमानतळावर मी विचारलं तर म्हणाली, बघू.

पुढच्या जूनमध्ये रस्त्याच्या कडेला छत्रीखाली खुर्च्या टाकून दोन माणसं मोजायला बसली. आई नव्हती, पण बाकीचा मोसम भरात होता. व्हीलचेअरवाल्या बाई होत्या, शाळेची मुलं होती, आणि इतके दिवस गाडीने जाणारे पुष्कळ जण, रस्ता आपलाही आहे असं वाटून कडेपर्यंत येऊन उभे राहत होते. त्यानंतर बऱ्याच बैठका झाल्या, थोडा निधी वॉशिंग्टनहून यायचा होता, तो अडला, सुटला. सिग्नल आला. आणि सईने नंतर मला दाखवलं, राज्याच्या नियमपुस्तिकेत एक लहानसं वाक्यही वाढलं आहे, की चालणाऱ्यांची मोजणी लोक चालतात त्या ऋतूत करावी. राज्यभर. किती गावांत किती जणांना ते लागू होईल, आणि त्यातल्या कुणालाही माझी आई कधी माहीत होणार नाही. मला वाटायचं सरकारी धोरणं दूर कुठेतरी पांढऱ्या घुमटाखाली गंभीर माणसं ठरवतात. काही ठरवत असतीलही. पण एखादं घडीच्या खुर्च्यांतही ठरतं.

सिग्नल लागला त्या दिवशी सईने खांबावरच्या, चालणाऱ्यांनी दाबायच्या बटणाचा व्हिडिओ काढून आजीला पाठवला. नागपूरहून काही उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी तिकिटाचा फोटो आला.

तर परवाची गोष्ट. पानं तशीच टाकून मी ऑफिसला निघालो. जर्सी सिटीत मीटिंग होती, उशीर झालेला होता. वसाहतीबाहेर रस्त्याला लागलो आणि ग्रंथालयापाशी सिग्नल लाल झाला. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत चडफडलो. मग पाहिलं. आई होती. घरातून मला न सांगताच निघालेली. राखाडी रंगाच्या चार गाड्या रांगेत, त्यातली तिसरी तिच्या मुलाची, हे तिच्या गावी नव्हतं. तिने बटण दाबलं होतं, तरी उजवा हात खांद्याइतका वर केलेला होताच. ती चालली होती आपल्या चालीने, जराही घाई न करता. खांबावरचे आकडे संपले, तरी तिचा एक पट्टा बाकी होता. सिग्नल हिरवा झाला. कुणीही हललं नाही. पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर तिने साडीच्या निऱ्या झटकल्या आणि मागे वळून न बघता ग्रंथालयाकडे निघून गेली.

मीटिंगला मी उशिरा पोचलो. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणालो, ट्रॅफिक होता.